खालची पट्टी बिघडली म्हणून

टास्कबार गोठला की बहुतेक माणसे त्याच जागी पुन्हा पुन्हा क्लिक करत राहतात आणि शेवटी कंटाळून पॉवरचे बटण दाबून धरतात. अर्धवट लिहिलेले पत्र, सेव्ह न केलेला हिशेब, सगळे त्यात जाते. दोन दिवसांनी पट्टी पुन्हा अडते, मग दुरुस्तीवाल्याला फोन जातो आणि तिकडून सल्ला येतो, ‘‘विंडोज नवीन मारून घ्या.’’ एका पट्टीपायी अख्खा संगणक पुसला जातो. हे नुकसान टाळता येते आणि त्यासाठी प्रोग्रामर असावे लागत नाही. दोष नेमका कुठे आहे हे ठरल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, एवढी शिस्त पुरते.

आधी ही पट्टी म्हणजे काय ते पाहू. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आले. डावीकडे स्टार्ट बटण, मधे उघड्या खिडक्यांची रांग आणि उजव्या कोपऱ्यात घड्याळ ही मांडणी तेव्हापासूनची. थोडेफार बदल सोडले तर आजही तीच आहे. मात्र ही पट्टी विंडोजच्या गाभ्यात बसलेली नाही. एक्सप्लोरर नावाचा प्रोग्राम ती रंगवतो. डेस्कटॉपवरची चित्रे आणि फोल्डरच्या खिडक्या दाखवणाराही तोच. वर्ड, टॅली, ब्राउझर हे एक्सप्लोररच्या आत चालत नाहीत, त्याच्या शेजारी चालतात. म्हणून एक्सप्लोरर पूर्ण बंद पडला तरी वर्डमधले पत्र शाबूत असते. ऑल्ट आणि टॅब दाबून तुम्ही त्या पत्रापर्यंत पोहोचू शकता आणि कंट्रोल एस दाबून ते वाचवू शकता. पट्टी अडली की पहिले काम हेच. दुरुस्तीचा विचार त्यानंतर.

या पट्टीला सतत जागे राहावे लागते आणि त्याची किंमत मोजावी लागते, हे तिच्या निर्मात्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. विंडोज ९५च्या चाचणी आवृत्तीत घड्याळ सेकंदही दाखवत असे. पण तेव्हा ४ एमबी मेमरीच्या यंत्रावरही विंडोज चालवायचे होते. दर सेकंदाला आकडे रंगवायचे म्हणजे त्यासाठी लागणारा कोड कायम मेमरीत अडकून राहणार आणि तेवढी जागा दुसऱ्या कामाला मिळणार नाही. म्हणून सेकंद काढून टाकले. मायक्रोसॉफ्टचे अनुभवी अभियंते रेमंड चेन यांनी ही हकिकत आपल्या लेखनात सांगितली आहे. विंडोज ११ मध्ये २०२३ साली सेकंद दाखवण्याची सोय आली, तीसुद्धा ज्याला हवी त्याने चालू करावी अशी. पट्टीतले इवलेसे घड्याळही फुकट चालत नाही, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होईल.

आता निदान. घरातली वीज गेली की आपण आधी शेजारच्या घरात दिवा आहे का ते पाहतो. वायरमनला बोलावायचे की वीज कंपनीला फोन करायचा, हे त्या एका नजरेत ठरते. संगणकाच्या पडद्यावरही अशीच नजर टाकायची असते. प्रत्येक चाचणीने निम्म्या शक्यता बाद झाल्या पाहिजेत. जी चाचणी काहीच बाद करत नाही ती करण्यात वेळ घालवू नये.

पट्टीवर रेघा दिसत असतील, रंग विस्कटले असतील, तर पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या. विंडोजचे बटण आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबले की तो पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये जमा होतो. तो फोनवर पाठवून पाहा. चित्रात रेघा नसतील तर सॉफ्टवेअरने पट्टी बरोबर रंगवली आहे आणि बिघाड त्यापुढे आहे, म्हणजे केबल, मॉनिटर किंवा पडद्याकडे चित्र पोहोचवण्याचा टप्पा. चित्रातही रेघा असतील तर मॉनिटर निर्दोष आहे, त्याच्यावर खर्च करू नका. आपल्याकडे केवळ ही चाचणी न केल्यामुळे कितीतरी चांगले मॉनिटर बदलले जातात.

पट्टी लुकलुकत असेल तर याहून सोपी खूण आहे आणि ती मायक्रोसॉफ्टनेच सुचवलेली आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. त्याची खिडकीही बाकी पडद्यासोबत लुकलुकत असेल तर दोष डिस्प्ले ड्रायव्हरचा. बाकी सगळे लुकलुकते आणि टास्क मॅनेजर मात्र स्थिर आहे, असे असेल तर दोष एखाद्या प्रोग्रामचा. ड्रायव्हरवर संशय असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबा. पडदा क्षणभर काळा होतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडे काम जात नाही.

काही तक्रारी मुळात बिघाड नसतातच. विंडोज १०मध्ये पट्टी कुलूपबंद केलेली नसेल तर माऊसच्या एका ओढीने ती पडद्याच्या बाजूला किंवा वर जाऊन बसते. ती ओढून परत आणायची, बस्स. विंडोज ११मध्ये पट्टी नव्याने लिहिली गेली आणि ही ओढण्याची सोय काढून टाकली, म्हणून जुने सल्ले तिथे लागू पडत नाहीत. ‘आपोआप लपवा’ ही सोय चालू असूनही पट्टी लपत नसेल तर तिच्यावरच्या चित्रांकडे नीट पाहा. एखादा प्रोग्राम तुमचे लक्ष वेधण्यासाठी रंग बदलून उभा असतो आणि त्याला तुम्ही दाद देईपर्यंत पट्टी वरच राहते. त्याच्यावर क्लिक करा, पट्टी लपेल.

खरोखर गोठलेल्या पट्टीवरचा पहिला उपाय म्हणजे फक्त एक्सप्लोरर बंद करून पुन्हा सुरू करणे. टास्क मॅनेजरच्या यादीत विंडोज एक्सप्लोरर शोधा, उजवे क्लिक करा आणि रीस्टार्ट निवडा. पट्टी नाहीशी होईल, काही क्षणांत परत येईल. पण त्याआधी एक खबरदारी घ्या. पेन ड्राइव्हवर फाइली कॉपी होत असतील तर त्या पूर्ण होऊ द्या. ते काम एक्सप्लोररच करत असतो आणि त्याला मधेच बंद केले तर कॉपी अर्धवट तुटते. पट्टी परत आलीच नाही तर टास्क मॅनेजरमधून ‘रन न्यू टास्क’ निवडा, एक्सप्लोरर डॉट ईएक्सई हे नाव इंग्रजी अक्षरांत टाइप करा आणि एंटर दाबा.

पट्टी परत येते, पण घड्याळाशेजारची काही चित्रे गायब असतात. अँटिव्हायरस दिसत नाही, प्रिंटरचे चित्र दिसत नाही आणि माणूस पुन्हा घाबरतो. घाबरण्याचे कारण नाही. एक्सप्लोरर नव्याने उभा राहिला की सगळ्या प्रोग्रामना ‘टास्कबार तयार झाला’ असा निरोप पाठवतो. १९९७च्या इंटरनेट एक्सप्लोरर ४ सोबत ही पद्धत आली. ज्या प्रोग्रामच्या लेखकाने हा निरोप ऐकण्याची व्यवस्था केली आहे तो आपले चित्र पुन्हा ठेवतो. ज्याने केली नाही त्याचे चित्र येत नाही, पण प्रोग्राम चालूच असतो. याच्या उलट प्रकारही होतो. एखादा प्रोग्राम अचानक मेला तर ‘माझे चित्र काढा’ हे सांगायला तो उरत नाही आणि चित्र तसेच पडून राहते. माऊस त्यावरून फिरवला की पट्टी तपासते, मालक नाही हे तिच्या लक्षात येते आणि चित्र पुसले जाते. ही दोन्ही वागणी कळली की अर्धी भीती जाते.

एक्सप्लोरर नव्याने सुरू केल्यावर पट्टी सुधारली, पण काही तासांनी पुन्हा तेच झाले, तर खरा तपास इथून सुरू होतो. सकाळी सगळे ठीक आणि संध्याकाळी टूलबारवरची बटणे कोरी, मेनूत काळे चौकोन, अक्षरे गायब. हा गळतीचा नमुना आहे आणि ऑफिसातल्या दिवसभर चालू राहणाऱ्या संगणकांवर तो दिसतो. पडद्यावर काहीही रंगवायचे तर प्रोग्रामला विंडोजकडून छोटी छोटी साधने मागून घ्यावी लागतात. रेघेसाठी पेन, रंगासाठी ब्रश, अक्षरांसाठी फॉन्ट, चित्रासाठी बिटमॅप. काम झाले की ती परत करायची असतात. एका प्रोग्रामला अशी जास्तीत जास्त १०,००० साधने मिळतात आणि तुमच्या एका लॉगिनमधल्या सगळ्या प्रोग्रामना मिळून ६५,५३६. एखादा प्रोग्राम दर वेळी एक साधन घेऊन परत करायला विसरत असेल तर तो दिवसभरात हळूहळू १०,०००पर्यंत पोहोचतो. मग नवे साधन मिळत नाही आणि बटण रंगवलेच जात नाही. मेमरी भरपूर रिकामी असते, प्रोसेसर शांत असतो, तरी पडदा विस्कटलेला. अशा वेळी रॅम वाढवून घेणे म्हणजे पैसा वाया घालवणे.

ही गळती तुम्ही स्वतः पकडू शकता. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स पानावर स्तंभांच्या मथळ्यावर उजवे क्लिक करा, ‘सिलेक्ट कॉलम्स’ निवडा आणि जीडीआय ऑब्जेक्ट्स, म्हणजे वर सांगितलेली साधने, या नावापुढे खूण करा. आता प्रत्येक प्रोग्रामसमोर आकडा दिसू लागेल. सकाळी तो वहीत लिहून ठेवा, दुपारी आणि संध्याकाळी पुन्हा पाहा. खिडक्या उघडल्या की आकडा चढतो आणि बंद केल्या की उतरतो, हे निरोगी लक्षण. कधीच न उतरता चढत जाणारा आकडा म्हणजे आरोपी सापडला. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, जाऊन १०,०००ची मर्यादा वाढवण्याचा सल्ला काही जण देतात. माझ्या मते तो घेऊ नये. गळती तशीच राहते, बिघाड फक्त दुपारऐवजी रात्री दिसतो. त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती घ्यावी आणि ती नसेल तर दिवसातून एकदा तो बंद करून उघडावा.

आकडा खुद्द एक्सप्लोररचाच चढत असेल तरी एक्सप्लोरर दोषी आहे असे लगेच समजू नका. त्याच्याकडे पाहुणे राहतात. फाइलवर उजवे क्लिक केल्यावर झिप करण्याचे, व्हायरस तपासण्याचे, क्लाउडवर चढवण्याचे पर्याय दिसतात ना, ते इतर कंपन्यांच्या कोडचे तुकडे असतात आणि एक्सप्लोररच्या आत शिरून चालतात. एकाचा तोल गेला की एक्सप्लोरर कोसळतो आणि पट्टीही जाते. निरसॉफ्टच्या शेलएक्सव्ह्यू या मोफत साधनात या पाहुण्यांची यादी मिळते आणि मायक्रोसॉफ्टचे नसलेले गुलाबी रंगात दिसतात. इथे निम्म्याचा नियम फार उपयोगी पडतो. समजा असे ३२ आहेत. त्यातले १६ बंद करा, एक्सप्लोरर रीस्टार्ट करा आणि पाहा. दोष राहिला तर तो उरलेल्या १६ मध्ये, गेला तर बंद केलेल्यांत. पुन्हा निम्मे. पाच फेऱ्यांत एक नाव हातात उरते. एकेक करून शोधायला गेलात तर ३१ वेळा हेच करावे लागू शकते.

पट्टीचे रूप बदलणाऱ्या प्रोग्रामांबद्दल माझे मत ठाम आहे. विंडोज ११ला जुन्या विंडोजसारखी पट्टी लावून देणारे प्रोग्राम लोकप्रिय आहेत आणि ते वापरण्यामागची ओढ मला समजते. पण ते एक्सप्लोररच्या आतल्या, कुठेही हमी न दिलेल्या रचनेवर उभे असतात. २८ फेब्रुवारी २०२३ रोजी विंडोज ११चे एक अद्ययावतीकरण आले, तेव्हा असे काही प्रोग्राम असलेल्या यंत्रांवर विंडोज नीट सुरूच होईना, एक्सप्लोररची त्रुटी पुन्हा पुन्हा येत राहिली. मायक्रोसॉफ्टने अद्ययावतीकरणाआधी ते काढून टाकण्याचा सल्ला दिला. ज्या संगणकावर घरचे किंवा दुकानाचे रोजचे काम चालते त्यावर हे प्रोग्राम ठेवू नयेत.

कधी कधी दोष तुमच्या यंत्रात नसतोच. २०२१च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला विंडोज ११ची चाचणी आवृत्ती वापरणाऱ्यांची पट्टी आणि स्टार्ट मेनू एकाएकी निपचित पडले. त्यांनी काहीही बदलले नव्हते. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून इंटरनेटद्वारे एक मजकूर पाठवला गेला होता आणि तो वाचताना एक्सप्लोरर अडकत होता. कंपनीने तो मजकूर थांबवला. पण ज्यांच्या यंत्रात तो आधीच उतरला होता त्यांना कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडावा लागला, रजिस्ट्रीतली एक नोंद पुसणारी आज्ञा चालवावी लागली आणि संगणक पुन्हा सुरू करावा लागला. त्यांचे विंडोज शाबूत होते, फाइली शाबूत होत्या. या घटनेतून एक उपयुक्त प्रश्न हाती येतो: हा बिघाड आज फक्त माझ्याकडे आहे की ओळखीतल्या चार जणांकडेही? उत्तर चार जणांकडे असे आले तर थांबणे हाच उपाय असू शकतो.

तसाच दुसरा प्रश्न: हा दोष संगणकाचा आहे की माझ्या खात्याचा? पट्टीच्या बहुतेक आवडीनिवडी प्रत्येक वापरकर्त्याच्या नावावर वेगळ्या साठवलेल्या असतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ प्रत्यक्ष आले तेव्हा काहींना नव्या विंडोजवर जुनीच, विंडोज १०ची पट्टी दिसत राहिली. नवे खाते उघडून पाहिले तर तिथे पट्टी बरोबर होती. तुम्हीही संशय आला की सेटिंग्जमधून एक नवे वापरकर्ता खाते तयार करा आणि त्यात शिरून पाहा. तिथे पट्टी नीट चालली तर विंडोजच्या मूळ फाइली निर्दोष आहेत आणि नवीन विंडोज टाकण्याचे कारण संपले. तिथेही बिघाड असेल तर मात्र विंडोजच्या फाइली तपासाव्यात. कमांड प्रॉम्प्ट प्रशासकाच्या अधिकाराने उघडून एस, एफ, सी ही तीन इंग्रजी अक्षरे, मोकळी जागा, तिरकी रेघ आणि स्कॅननाऊ ही आज्ञा दिली की विंडोज आपल्या फाइली स्वतः पडताळते आणि खराब झालेल्या बदलते. पट्टीवरची चित्रे फक्त चुकीची किंवा कोरी दिसत असतील तर एवढेही लागत नाही. चित्रांचा साठा वेगळ्या फाइलींत जपून ठेवलेला असतो, तो पुसला की एक्सप्लोरर नवा तयार करतो.

लॅपटॉपला प्रोजेक्टर किंवा दुसरा मॉनिटर जोडणाऱ्यांची अडचण वेगळी असते. अक्षरे धूसर दिसतात, किंवा बटण एकीकडे आणि क्लिक दुसरीकडे लागते. विंडोज एका इंचात ९६ ठिपके हे मूळ माप धरते. १२५ टक्के केले की ते १२० होते, १५० टक्क्यांना १४४. दोन पडद्यांची मापे वेगळी ठेवण्याची सोय २०१३च्या विंडोज ८.१ पासून आली. जो प्रोग्राम त्याआधीच्या समजुतीने लिहिलेला आहे त्याचे चित्र विंडोज ताणून दाखवते, म्हणून धूसरपणा. त्या प्रोग्रामच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटी पानावर हाय डीपीआयची सेटिंग बदलून पाहा. दुसरा मॉनिटर काढल्यावर एखादी खिडकी किंवा टूलबारच हरवला तर तो न दिसणाऱ्या पडद्यावर बसलेला असतो. ती खिडकी निवडून विंडोज, शिफ्ट आणि डावा बाण दाबला की ती बहुधा परत येते. लिबरऑफिसमध्ये टूलबारची मांडणीच बिघडली असेल तर हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये सुरू करण्याची सोय २०१७च्या ५.३ आवृत्तीपासून आहे. तिथे तुमच्या फाइलींना धक्का न लावता मांडणी मूळ पदावर आणता येते.

मराठीत टाइप करणाऱ्यांना सर्वांत जवळची पट्टी म्हणजे भाषा बदलण्याची. ती गायब झाली की पूर्ण कार्यालय खोळंबते आणि ‘मराठी गेले’ म्हणून ओरड होते. मराठी गेलेले नसते. विंडोजचे बटण आणि स्पेस दाबा. विंडोज ८ पासून याने कीबोर्ड बदलतो, पट्टी दिसो वा न दिसो. बदलला तर मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड जागच्या जागी आहे आणि फक्त पट्टी लपली आहे. सेटिंग्जमध्ये टाइपिंगच्या प्रगत कीबोर्ड पर्यायांत डेस्कटॉप लँग्वेज बार वापरण्याची चौकट असते, तिच्यावर खूण करा. स्पेसनेही काही होत नसेल तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये सीटीएफमॉन नावाचा प्रोग्राम चालू आहे का पाहा. टाइप करण्याच्या सेवा तोच सांभाळतो. ‘संगणक हलका करून देणारे’ काही प्रोग्राम त्याला निरुपयोगी समजून बंद करतात. तो नसेल तर रन न्यू टास्कमधून सुरू करा. पट्टीपेक्षा कीबोर्ड महत्त्वाचा, म्हणून या प्रकारात विंडोज आणि स्पेस ही जोडी प्रत्येक मराठी टंकलेखकाच्या बोटांत बसलेली असावी असे मला मनापासून वाटते.

इतके करूनही दुरुस्तीवाल्याला बोलवावे लागले तर त्याच्या हाती रिकामी तक्रार देऊ नका. विंडोजची आवृत्ती, बिघाड पहिल्यांदा कधी दिसला, त्याच्या आदल्या दोन दिवसांत काय नवे बसवले, स्क्रीनशॉटमध्ये दोष दिसतो का, टास्क मॅनेजर स्थिर राहतो का आणि नव्या खात्यात काय झाले, हे कागदावर लिहून द्या. चांगला कारागीर तो कागद वाचूनच निम्मे काम संपवेल. आणि जो तो कागद न वाचताच फॉरमॅट करायला निघेल, त्याला तुमच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन होईपर्यंत संगणकाला हात लावू देऊ नका.